दार लावून ऐकायची कॅसेट

मुक्त पत्रकार म्हणजे नोकरी नसलेला पत्रकार, हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक होतं. फक्त माझ्या वडिलांना मी ते नीट समजावून सांगितलं नव्हतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका ट्रस्टने मला सीमापार शोधपत्रकारितेसाठी अभ्यासवृत्ती मंजूर केली, तेव्हा मुलाला नोकरी लागली म्हणून त्यांनी आळीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

माझा विषय होता आखाती देशांत माणसं पाठवणारे एजंट. सांगायचं एक काम आणि तिथे नेऊन लावायचं भलतंच, हा धंदा आमच्या किनाऱ्यावर जोरात होता. ट्रस्टच्या अटी दोन : पुरावा परदेशातून मिळवायचा आणि काम गुप्त ठेवायचं. पैसे मात्र एस.टी.च्या तिकिटांपुरते आणि एका टेपरेकॉर्डरपुरते. दुबईला जाणारी एस.टी. तेव्हा नव्हती. तेव्हा मी आयुष्यात ओलांडलेली एकमेव सीमा म्हणजे आमची खाडी, तीही तरीच्या होडीत बसून.

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात एक बाई राहायची. तिच्या नवऱ्याच्या हातच्या बिर्याणीसाठी लोक लग्नाची तारीख बदलत. मोहल्ल्यातल्याच एका एजंटाने त्याला दुबईच्या हॉटेलात आचारी म्हणून नेलं आणि इमारतीच्या कामावर जुंपलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, म्हणून परत यायची सोय नाही. तो गेला तेव्हा पोटात असलेली मुलगी आता चालायला लागली होती. बाप तिने कॅसेटमधूनच ऐकलेला. त्यामुळे टेपरेकॉर्डर दिसला की ती त्यालाच 'अब्बा' म्हणायची.

"तुमचा लेख बिख ऱ्हावंदे भाऊ," बाई म्हणाली, "माझा माणूस तेवढा आणा."

त्या काळात तिकडे पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त जात. मी माझे प्रश्न शुद्ध, छापील मराठीत कॅसेटवर बोललो. उरलेल्या जागेत शेजारणींनी आपापल्या नवऱ्यांना खडसावून घेतलं. सुट्टी संपवून परत जाणाऱ्या एका खलाशाबरोबर ती कॅसेट गेली. "उत्तर आलं की कुणाला सांगू नका, दार लावून ऐकू," मी बजावलं. "नाय सांगणार," बाई म्हणाली.

उत्तर आलं. मी पोचलो तर पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत, भिंतीला टेकून, खुद्द एजंटाची आई बसलेली. सगळा मोहल्ला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. मी बाईला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, दार लावून ऐकायचं ठरलं होतं ना?"

"दार लावून कॅसेट ऐकली तर लोक समजतात माणूस गेला," ती म्हणाली. "सगळी रडत येतील. त्यापरीस अशीच आली ती बरी."

मी बटण दाबलं. आधी सलाम झाले, मग कौलं परतून घ्यायच्या सूचना, मग सुक्या बोंबलांची मागणी. आणि मग माझ्या प्रश्नांची उत्तरं. एकेक माणूस आपलं गाव सांगून एजंटाचं नाव घेत होता आणि नावाला जोडून जे घेत होता ते कुठल्याही संपादकाने छापलं नसतं. शेवटी बाईच्या नवऱ्याचा आवाज आला : "आचारी म्हणून आणलान नि सिमेंट उचलायला लावलान."

खाला म्हणाली, "परत लाव." मी परत लावली. ऐकून झाल्यावर तिने काठी आडवी ठेवली.

"हिचा घोव घरी येईपर्यंत मी हितून उठणार नाय."

आणि ती खरंच उठली नाही. सकाळी एजंट आला, हातापाया पडला. खाला म्हणाली, "तू कोण रे? मी आचाऱ्याची वाट बघत्येय." समुद्रापार माणसं पोचवणाऱ्या त्या बहाद्दराला स्वतःची आई दोन घरं पलीकडे नेता येईना. येणारीजाणारी तरीतली माणसंही तमाशा बघायला थांबू लागली. बाई मात्र जेरीस आली होती. "बसल्येय ती बसल्येय, वर सारात कोकम कमी म्हणते," ती माझ्याकडे कुरकुरली.

शेवटी एजंटाने पोस्टातून दुबईला ट्रंककॉल लावला. तो इतका ओरडून बोलत होता की रांगेतल्या सगळ्यांना कळलं, मालकाचं पासपोर्टांचं कपाट उघडतंय.

मी ट्रस्टला उत्साहाने सगळं कळवलं. त्यांचं म्हणणं, गुप्ततेचा भंग झाला, एजंट सावध झाला, पुढचा हप्ता मिळणार नाही. मला मनस्वी राग आला. वडिलांना 'नोकरी सुटली' असं सांगून मी मोकळा झालो. त्यांनी पेढ्यांचा हिशेब काढला.

तरीही लेख लिहायचाच, या हट्टाने मी टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा खाडीपलीकडे गेलो. नवरा आला होता. रापलेला, वाळलेला, चुलीपाशी बसून खालासाठी बिर्याणी दमावर ठेवत होता. मी यंत्र मधे ठेवलं, बटण दाबलं आणि पहिला प्रश्न विचारला. तो बोलू लागला.

आवाज ऐकताच मुलगी धावत आली आणि टेपरेकॉर्डरसमोर बसकण मारून म्हणाली, "अब्बा."

बाई पुढे आली.

"बंद करा तो," ती म्हणाली. "तिला कळू दे, आवाज कुठून येतो ते."

मी बटण बंद केलं. तो लेख मी कधीच लिहिला नाही.