झुटफन ते कांपेन, समोरून वारा

सकाळचे आठ. आयसेल नदीवरचं धुकं पडद्यासारखं सावकाश वर सरकतं आहे. आधी दिसतात गायींचे पाय, मग गायी, मग पाण्याकाठची वाळुंजाची झाडं आणि सगळ्यात शेवटी, गवताने मढलेल्या बांधावर, जुन्या काळ्या सायकलवर ताठ बसून येणारी एक बाई. डोक्याला निळा रुमाल. मागच्या पिशवीत चीज-पाव, थर्मास आणि स्वतः भाजलेला सफरचंदाचा केक. आज तिचा वाढदिवस. आणि ज्याचा वाढदिवस, त्यानेच सगळ्यांचं तोंड गोड करायचं.

ही विलेमीन ओल्डेनहोफ. आजपासून पंच्याहत्तर वर्षांची.

चौतीस वर्षं ती झुटफनच्या आसपास घरोघरी जाणारी नर्स होती. याच सायकलवरून. कुणाला इंजेक्शन, कुणाच्या जखमेची पट्टी, कुणाच्या उशाशी नुसतंच बसणं. बर्फ पडला तर चाकांना दोरी गुंडाळायची आणि निघायचं. अजूनही बाजारात म्हातारी माणसं टोपी काढून म्हणतात, "कशा आहात, सिस्टर?"

पण मागच्या ऑक्टोबरात ओल्या पानांवरून ती घसरली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून कांपेनच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या तिच्या मुलाने, हार्मनने, एकच पालुपद धरलं होतं. आई, आता बॅटरीच्या मोटरची सायकल घे.

"तुझं वय बघ, आई."

"वय माझं, पाय माझे. यात तुझं काय आहे?"

"काळजी."

यावर तिने पैज लावली. "वाढदिवसाला मी तुझ्या घरी एकटी, हिच्यावरूनच येईन. पाचच्या आत पोचले, तर मोटरचं नाव काढायचं नाहीस. उशीर झाला, तर तुझी ती सायकल मुकाट्याने घेईन आणि हिची किल्ली तुझ्या हातात देईन. कारणं सांगायची नाहीत. तूही नाही, मीही नाही."

अंतर सत्तर किलोमीटर. नदी उत्तरेला समुद्राकडे जाते, पण वारा समुद्राकडून येतो. ज्या देशात डोंगर नाही तिथे वारा हाच घाट, आणि या घाटाला माथा नसतो.

विलेमीनला हे ठाऊक होतं. पहिल्या दोन तासांत तिने घाई केली नाही. मोटरच्या सायकलींवरून एक जोडपं सुळकन पुढे गेलं. जाता जाता गृहस्थ ओरडले, "वारा फार आहे हो, आजी!"

"हो का? मला वाटलं, तुम्हीच फुंकताय!"

डेव्हेंटरचे मनोरे मागे पडले. बाकावर बसून तिने कॉफी घेतली, मांड्या चोळल्या आणि पुन्हा निघाली. वाइहेला नदी ओलांडायची होती. तून नावाचा नाववाला तिची सायकल धरत म्हणाला, "एकट्याच? अशा वाऱ्यात?"

"का रे, जोडीशिवाय घेत नाहीस का बोटीत?"

तून खो खो हसला. त्याला केकचा तुकडा मिळाला. पलीकडे उतरताना तिने घड्याळ पाहिलं. दीड. तीस किलोमीटर उरले होते. पाय दुखत होते, पण कुरकुरत नव्हते. पाचला वीस कमी असताना आपण मुलाच्या दारात असू, असा तिने हिशेब केला आणि एकटीच हसली.

अडीचला, हाटेमच्या पुढे, बांधावरच्या गवतात कुणीतरी बसलेलं दिसलं. शेजारी नवी कोरी सायकल, हँडलला लाल रिबन.

"हार्मन? तू इथे काय करतोयस?"

"सहज आलो. हवा बरी होती."

"रिबनसकट?"

अठ्ठेचाळीस वर्षांचा हार्मन कानापर्यंत लाल झाला. "तुला काही झालं तर जवळ असावं म्हणून निघालो. येताना वारा पाठीशी होता, काही कळलंच नाही. लांबून तू ठीक दिसलीस, म्हणून इथून परत फिरलो आणि बॅटरी संपली. नवी होती ना, मला वाटलं भरलेलीच असेल."

"आणि हे म्हणे गणिताचे मास्तर! बायकोला बोलाव की गाडी घेऊन. मार्लूस घरीच आहे ना?"

"बोलावलं. म्हणाली, घरात वीस पाहुणे बसलेत, कॉफी कोण देणार? आईबरोबर ये." त्याने मान खाली घातली. "तू जा, आई. तुला वेळ होईल. मी ढकलत येतो."

मोटर बंद पडलेली ती सायकल म्हणजे चाकं लावलेलं जातं. वीस किलोमीटर ढकलायचं तर याची रात्र होणार. विलेमीनने घड्याळ पाहिलं, मग मुलाचे कोरडे ओठ पाहिले. घड्याळाकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

"आधी हा केक खा. मग माझ्या मागच्या चाकाला नाक लावून चल. वारा मी घेते."

"पुढे मी होतो, आई."

"तुला वारा घेता येत असता तर गवतात बसला असतास?"

तरी तीनदा तो पुढे झाला. तिन्ही वेळा दोनशे मीटरवर त्याची जीभ बाहेर आली. शेवटी तो गुपचूप आईच्या आडोशाला गेला. ती पाठीमागचा श्वास ऐकत वेग ठरवत राहिली. तो धापा टाकू लागला की हळू, सावरला की जरा जोरात. श्वास ऐकण्यातच तर तिचा जन्म गेला होता. हाच पोरगा चार वर्षांचा असताना मागच्या सीटवर तिच्या कोटात तोंड खुपसून बसायचा. तेव्हाही वारा तिनेच घेतला होता, फक्त ओझं हलकं होतं.

कांपेनचे मनोरे पाण्याकाठी दिसले आणि त्याच वेळी घंटा वाजू लागल्या. पाच. घर अजून दोन किलोमीटर होतं.

"ऐकलंस, आई?"

"ऐकलं. पाय चालव."

सव्वापाचला ती दोघं दारात उभी राहिली. आत रिंगणात मांडलेल्या खुर्च्यांवरून सगळे उठले. रीतच आहे ती. वाढदिवस असणाऱ्याचं अभिनंदन करायचं आणि त्याच्या घरच्यांचंही. "अभिनंदन, विलेमीन! अभिनंदन, हार्मन, आईबद्दल!"

विलेमीनने रुमालसुद्धा सोडला नाही. सरळ टेबलापाशी गेली आणि किल्ली ठेवली.

"उशीर झाला. घे."

"अगं, माझ्यामुळेच तर..."

"कारणं सांगायची नाहीत."

आमच्या लोकांत आपल्या माणसाची थोरवी चारचौघांत गाणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर पाय ठेवणं. पण हार्मन, भिजलेल्या शर्टाने, रिंगणाच्या मधोमध आला.

"कारण सांगत नाही. घडलं ते सांगतो. वीस किलोमीटर, समोरून वारा. पुढे पंच्याहत्तर, मागे अठ्ठेचाळीस. कुणी कुणाला घरी आणलं, ते तुम्हीच ठरवा." मग त्याने किल्ली उचलली. "पैज तू हरलीस, आई. किल्ली माझी झाली. आता माझी वस्तू कुणाला द्यायची ते मी ठरवणार." आणि ती त्याने तिच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. "वाढदिवसाचं अभिनंदन."

टाळ्या पडल्या. विलेमीन खाली पाहत रुमालाची गाठ बराच वेळ सोडत राहिली. ती सुटता सुटेना.

"आणि ती रिबनवाली?" मार्लूसने विचारलं.

"ती मी ठेवतो," हार्मन म्हणाला. "मला गरज आहे."

तेव्हा कुठे विलेमीनने मान वर केली.

"उद्या वारा माझ्या पाठीशी आहे. मी आठला निघते. यायचं असेल तर ती आत्ताच चार्जिंगला लाव. उद्या मी थांबणार नाही."