तेल निवेपर्यंत
हिवाळ्याचे कपडे बाहेर काढले की खोक्याच्या तळाशी एक तपकिरी माकडटोपी निघते, आणि तिला अजून शेंगदाण्याच्या तेलाचा वास येतो. लग्नानंतरचं पहिलंच थँक्सगिव्हिंग, शॉमबर्गला सासऱ्यांच्या घरी. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होते, तरी सासऱ्यांनी बॅकयार्डमध्ये गॅसवर पिंपाएवढं पातेलं चढवलं होतं. सणाचा तो भलामोठा पक्षी, टर्की, अख्खी तळायची म्हणजे तळायचीच. आपल्या पद्धतीने दही-हळदीत रात्रभर मुरवलेली ती टर्की आकड्याला टांगून माझ्या हातात दिली. तेलावर धरली तर दही टपकायला लागलं, आणि थेंबाथेंबाला तेल फुत्कारून वर उडायला लागलं. "सोड ना, बघतोस काय!" सासरे ओरडले. काचेच्या दाराआड सगळं सासर उभं, नवा जावई नाही कसं म्हणणार? पण हात खाली जाईना. "बाबा, भडका उडेल. गॅस बंद करा." मग त्यांनी गॅस बंद केला, झाकण ठेवलं. सासूबाई टर्की ओव्हनमध्ये टाकायला घेऊन गेल्या. तापलेलं तेल मात्र सोडून जाता येत नाही, त्यामुळे ते निवेपर्यंत आम्ही दोघं तिथेच, भिजत. काचेआडची माणसंही कंटाळून निघून गेली. मला तेवढीही सोय नव्हती. शेवटी सासऱ्यांनी स्वतःची माकडटोपी काढून माझ्या डोक्यात घातली. "मीपण घाबरलो होतो रे," ते म्हणाले, "आत बोलू नकोस." बायको अजून दर वर्षी विचारते, बाबांची टोपी तुझ्याकडे कशी आली? मी सांगतो, थंडी होती.