दीड टनाचा जॅक

१४ मार्च १९८३ रोजी लातूरच्या नव्या जिल्ह्यातल्या पाणी तपासणीच्या गाडीसाठी हत्यारांचे दोनशे पंच्याऐंशी रुपये चाळीस पैसे मंजूर झाले. जिल्ह्यांच्या वाटणीत गाडी आली होती, हत्यारांची पेटी आली नव्हती.

गाडी कसली, चाकांवरचं बिऱ्हाडच ते. मागं दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग व्हायचे. स्टो, बाटल्यांचं कपाट आणि दोनशे लिटरची टाकी, कारण दुष्काळात कुण्या गावाला पाणी मागायचं? लिंबाजी ड्रायव्हर आणि उद्धव केमिस्ट, दोघं आठ-आठ दिवस तीतच राहायचे.

लिंबाजीनं गरजेपुरतंच मागितलं होतं. गाडीच्या मापाचे चार पाने, पक्कड, पेचकस, तार, नळाचे वायसर, स्टोची पिन. आणि जॅक तीन टनाचा. भांडारपाल व्यंकटरावांनी मात्र जीपची छापील यादी काढली. बारा पाने, ग्रीसगन, दीड टनाचा जॅक.

"साहेब, ही जीप न्हाई. बिऱ्हाडाचं वजन लई हाय."

"लिंबाजी, तुला गाडी चालवायला नेमलंय की संसार मांडायला?"

"तिच्यातच रांधायचं, तिच्यातच झोपायचं. संसार आनि कसा असतो?"

व्यंकटराव हसले आणि त्यांनी यादीवर लिंबाजीची सही घेतली.

देवणीच्या अलीकडं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. पुढच्या गावात नवी बोअर तपासणीवाचून कुलपात होती. लोक वाट बघत होते. जॅक लावला, दांडा हलवून हलवून खांदे भरून आले, चाक काही जमीन सोडेना.

"टाकी रिकामी केली तर?" उद्धव म्हणाला.

दुष्काळात पाणी मातीत सोडायला लिंबाजीचा हात धजेना. शेजारी खडी फोडणाऱ्या बायका होत्या. त्यानं त्यांच्यातल्या वयस्कर सरजाबाईंना हाक मारली, "मावशे, घागरी आना." टाकीचा शेवटचा थेंब घागरीत गेला. चाक चार बोटं उचललं, तेवढ्यात जॅकमधून तेल गळालं आणि गाडी पुन्हा खाली बसली.

"सरकारचं लई वजन हाय बाबा," सरजाबाई म्हणाल्या. बायका हसल्या. लिंबाजीला हसू आलं नाही.

तो एस.टी.नं उदगीरला गेला. गुरुपादप्पा मिस्त्रीनं जुना तीन टनाचा जॅक एकशे दहा रुपयांना देऊ केला. परतीचं भाडं सोडून खिशात सत्तर होते, तेवढे दिले. चाक बदलून संध्याकाळी गाडी गावात पोचली.

लातूरला आल्यावर त्यानं पावती पुढं ठेवली. व्यंकटराव म्हणाले, "यादीत एक जॅक. एक दिलेला आहे."

"तो गळतोय, साहेब."

"मग मोडीत काढू. पण तीन वर्षं वापरल्याशिवाय मोडीत निघत नाही."

लिंबाजीनं पावती घडी करून खिशात ठेवली आणि दोन्ही जॅक गाडीत टाकले.

गुरुपादप्पाचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.