एप्रिलचं पान

गायकवाड सिस्टर घड्याळ उलटं लावायच्या. नर्सचं ते छोटं घड्याळ, छातीवर पिनने लटकवलेलं. बघणाऱ्याला उलटं आणि लावणाऱ्याला सुलट दिसणारं. रिटायर होऊन कित्येक वर्षं झाली तरी ते कार्डिगनवर असायचं, साडीवर असायचं, एकदा तर लग्नाला नेसलेल्या पैठणीवरही होतं. कोणी हसलं तर म्हणायच्या, "वेळ मला बघायची आहे, तुम्हाला नाही."

अन्या आणि नील, तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत. मागच्या आठवड्यात फोनवर नीलने विचारलं, "आजी, तू बर्मिंगहॅमहून ऑकलंडला एकटी कशी आलीस? तुला भीती नाही वाटली?" त्याचं उत्तर फोनवर देण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून लिहून काढते आहे. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

सिस्टर मला पहिल्यांदा भेटल्या त्या हॉस्पिटलमध्ये. तुमच्या आजोबांना न्यूमोनिया झाला होता आणि मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. सकाळी वॉर्ड सिस्टर आल्या. मी माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हटलं की आज यांना जरा बरं वाटतंय असं मला वाटतं. त्यांनी चार्टवरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "वाटतं की पाहिलं?"

मी वळून आजोबांकडे पाहिलं.

"पाणी किती प्यायले? रात्री किती वेळा उठले? जेवण किती उरलं?"

मी डाळींच्या बरण्यांना लेबलं लावणारी, रुमाल रंगांप्रमाणे रचणारी बाई. पण नवरा किती पाणी प्यायला ते मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळं कागदावर लिहून ठेवलं. सिस्टरनी तो कागद उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाल्या, "आता तू माझ्या स्टाफमध्ये." त्या दिवसापासून मी त्यांना 'तू' झाले. त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. मी मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हटलं.

त्या नागपूरजवळच्या एका गावच्या. सगळा सपाट मुलूख, कापसाची शेतं. बाविसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला बर्मिंगहॅमला आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. सुट्टी मिळाली की नागपूर, भावंडांची लग्नं, भाच्यांची आजारपणं. परत आलं की वॉर्ड. घर बौद्ध. पुढच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. पण उपासतापास, व्रतं, गंडेदोरे यांतलं काही नाही. माझ्या चतुर्थ्या आणि एकादश्यांची त्या मनापासून थट्टा करत. "काऊन गं सुधा, आज कोणाचा वाढदिवस? साबुदाणा की भगर?" असं म्हणत आणि स्वतःच माझ्यासाठी बटाटे उकडायला टाकत.

तुमचे आजोबा त्या दुखण्यातून उठले, पण चार वर्षांनी गेलेच. त्यानंतर मी घराबाहेर पडेनाशी झाले. दूध आणायला कोपऱ्यावर जायचे, तेवढंच. सगळे प्रवास आजोबांनी ठरवायचे आणि मी पिशव्या भरायच्या, अशी आमची वाटणी होती. आता ठरवणारं माणूसच नव्हतं. तुमची आई ऑकलंडला बोलवायची आणि मी गुडघ्यांचं कारण सांगायचे. सिस्टर दर गुरुवारी दोन बस बदलून माझ्याकडे येत. सांत्वन वगैरे त्यांना जमत नसे. दारातच विचारत, "या आठवड्यात किती वेळा बाहेर पडलीस? आकडा सांग."

त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं, एप्रिलवर थांबलेलं. कोण्या बल्गेरियन पेशंटने वॉर्डमध्ये असताना दिलेलं. पंचवीस वर्षं ते त्यांच्या ऑफिसमध्ये होतं, रिटायर झाल्यावर घरी आलं. एप्रिलच्या पानावर एक डोंगर होता, वर पांढराशुभ्र. खाली उतारावर फुलांनी भरलेलं एकच झाड आणि त्याच्यामागे दगडी छपरांची घरं. चित्राखाली जे छापलं होतं ते त्यांना वाचता येत नव्हतं. "ड्यूटी फार जड गेली की मी या झाडाखाली पाच मिनिटं जाऊन यायची," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. "एकदा खरंच उभं राहायचंय तिथे. बस्स, दुसरं काही नाही."

बल्गेरिया युरोपियन युनियनमध्ये आला त्या वर्षी सिस्टरच्या वरच्या खोलीत रुमेना नावाची बल्गेरियन विद्यार्थिनी भाड्याने राहायला आली. पहिल्याच दिवशी चहा घेताना तिने ते पान वाचलं. पिरिन पर्वत. ती हसायलाच लागली. तिची आजी त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या गावात राहत होती. सिस्टरनी लगेच तिच्याकडून विचारून घेतलं, मैत्रिणीला घेऊन येऊ का? "ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात या," आजीने फोनवरून निरोप दिला. "तोपर्यंत माझा उपास असतो. घरात मांस नाही, अंडी नाहीत, दूधही नाही. तुमच्या शाकाहारी मैत्रिणीची काळजी नको."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? तुझ्या देवांचे उपास आजवर काही कामाला आले नाहीत. त्यांच्या देवाचा आला. आता तुला यावंच लागेल."

मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि माझ्यापुढे कोरी वही टाकली. "जायचं की नाही ते मी ठरवलं. कसं ते तू ठरव."

त्या हिवाळ्यात मी खऱ्या अर्थाने पुन्हा जागी झाले. लायब्ररीतून नकाशे आणले. सोफियाहून कोणती बस, कुठे उतरायचं, कुठली औषधं कुठल्या पिशवीत, सगळं वहीत उतरवलं. सिस्टर दर रविवारी शहराबाहेरच्या टेकड्यांवर, लिकी हिल्सवर, चढायचा सराव करत आणि मलाही ओढून नेत. त्यांच्या सूचना सतत चालू. "तिथे होकाराला मान आडवी हलवतात म्हणे. तू आपली मान स्थिर ठेव, नाहीतर चौथं ताट वाढतील." डायरीत ईस्टर पाहून मी विमानाची तिकिटं काढली, मार्चच्या मध्यावरची.

एक मार्चला रुमेना दोऱ्याला बांधलेले लाल आणि पांढऱ्या लोकरीचे छोटे गोंडे घेऊन आली. त्यांच्याकडे हा दोरा वसंताच्या स्वागताला बांधतात आणि पहिलं फुललेलं झाड दिसलं की काढून त्याच्या फांदीला बांधतात. मी लगेच हात पुढे केला. सिस्टरनी हात मागे घेतला. "मी गंडेदोरे बांधत नाही." रुमेनाने समजावलं की हा देवाचा नाही, झाडांचा आहे. सिस्टरनी क्षणभर विचार केला आणि तो गोंडा घड्याळाच्या पिनेत अडकवला. "झाडांचा असेल तर चालेल."

मी म्हटलं, "आता दोनच आठवडे राहिले निघायला."

"इतक्या लवकर का?" रुमेनाने विचारलं. "आमचा ईस्टर एप्रिलच्या शेवटी आहे."

इंग्लिश ईस्टर आणि त्यांच्या चर्चचा ईस्टर यांत त्या वर्षी पाच आठवड्यांचं अंतर होतं. मी गार पडले. सिस्टर मात्र इतक्या हसल्या की छातीवरचं घड्याळ हलायला लागलं. "बाप्पा! त्यांचाही अधिक महिना निघाला की! जन्मभर पंचांग उघडून बसणारी तू, दुसऱ्याचं पंचांग वेगळं असेल हे सुचलं नाही तुला?" मग कॅलेंडरकडे पाहून हळूच म्हणाल्या, "एप्रिल. चित्रातलाच महिना. बरंच झालं."

तिकिटं बदलली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी रिपोर्ट दिल्यासारखा. "सुधा, नाडी अनियमित आहे. डावा हात दुखतोय. अँब्युलन्स बोलावली आहे. तू थेट हॉस्पिटलला ये, पण निघताना तुझा गॅस बंद केलास का ते बघ."

हार्ट अटॅक होता. मोठा नव्हता, पण होता. मी पलंगाशी बसून रडले. मी तिकिटं बदलली नसती तर एव्हाना त्या डोंगरावर जाऊन आल्या असत्या, असं म्हणत राहिले. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "मार्चमध्ये गेलो असतो तर हा अटॅक चढावर आला नसता कशावरून? पाहिलंस का तू?"

"नाही."

"मग रडू नको. तू मला वाचवलंस असंही म्हणता येईल. तेही कोणी पाहिलेलं नाही."

डॉक्टरांनी सहा आठवडे विमान नको, आणि डोंगर तर त्यानंतरही नको, असं सांगितलं. घरी आल्यावर सिस्टर दोन दिवस कॅलेंडरकडे पाठ करून बसल्या. मला ते बघवेना. त्यांच्या प्रवासाच्या विम्याचा फॉर्म माझ्यापुढे होता. त्यात विचारलं होतं, गेल्या बारा महिन्यांत हृदयाची काही तक्रार? मी म्हटलं, "सिस्टर, हा रकाना नाही भरला तर? हळूहळू जाऊ. फक्त झाडापर्यंत."

त्या माझ्यावर पहिल्यांदाच आणि शेवटचंच रागावल्या. "तीस वर्षं मी न मोजलेला आकडा चार्टवर लिहिला नाही. मोजलेला कधी लपवला नाही. आता माझ्याच चार्टवर लपवू? खोटं लिहून त्या झाडाखाली उभी राहिले तर मला तिथे काय दिसेल?" मग त्यांनी पिनेतला गोंडा सोडवला आणि माझ्या वहीवर ठेवला. "तू जा. रुमेना आहे सोबत. आणि परत येऊन मला हँडओव्हर दे."

हँडओव्हर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. पाळी संपवून जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगते, त्याला हँडओव्हर म्हणतात. सिस्टरचे नियम कडक. जे पाहिलं तेच सांगायचं. नाही पाहिलं तर नाही म्हणायचं. वाटलं ते शेवटी, वेळ उरला तर.

मी गेले. विमानात हातात पेन होतं, आणि लिहायचं असलं की भीतीला जरा कमी जागा मिळते. रुमेनाच्या आजीने घेवड्याचं सूप आणि भात भरलेल्या मिरच्या वाढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघी मिळून गावावरच्या चढणीला लागलो. खाली बहर संपला होता, पाकळ्या चिखलात पडल्या होत्या. मी घाबरले. पण जसजसं वर गेलो तसतसा वसंत उशिरा येत गेला, आणि शेवटच्या घराच्या वर एक रानटी प्लमचं झाड पूर्ण फुललेलं सापडलं. मागे बर्फाचा डोंगर. ते चित्रातलं झाड नव्हतं, पण डोंगर तोच होता. मी आधी माझा दोरा बांधला, मग सिस्टरचा.

परतल्यावर सिस्टर मला हॉलमध्ये ताठ बसलेल्या दिसल्या. स्वच्छ साडी, घड्याळ जागेवर. "बोल," म्हणाल्या. मी वही उघडली. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. झाड माझ्या उंचीच्या दुप्पट. खोड दोन ठिकाणी फुटलेलं. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. दोरा उजवीकडच्या खालच्या फांदीला. डोंगराच्या टोकावर ढग, अकराला हटला. खाली एक कुत्रा आणि एकोणीस मेंढ्या.

त्यांनी डोळे मिटले होते. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "फुलांना वास होता?"

माझ्या ओठांवर आलं होतं, हो, मंद, गोडसर. त्यांना तेवढा वास द्यावा असं फार फार वाटलं. पण मी घेतला नव्हता. लिहिण्याच्या नादात विसरले होते.

"घेतला नाही, सिस्टर. विसरले."

त्यांनी डोळे उघडले. चेहरा असा उजळला की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता. "शाब्बास," म्हणाल्या. "म्हणजे बाकीचं सगळं खरं."

मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॅलेंडरचं पान उलटलं. मे महिन्यावर समुद्रकिनारा निघाला. कमरेवर हात ठेवून त्यांनी तो नीट पाहिला. "समुद्र मी पाहिलाय," म्हणाल्या, आणि पुन्हा एप्रिल लावला.

पुढच्या वर्षी मी एकटी तुमच्याकडे आले. परतल्यावर तुमचाही हँडओव्हर द्यावा लागला. अन्याचे किती दात पडले, नील झोपेत काय बोलतो, सगळं. तुमच्या आईला वाटलं होतं, मी वहीत स्वयंपाकाच्या कृती लिहिते आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या, हॉस्पिटलमध्ये, सकाळच्या पाळीला. घड्याळ त्यांनी रुमेनासाठी ठेवलं होतं आणि कॅलेंडर माझ्यासाठी.

आता तुमची पाळी आहे, म्हणून हे लिहिलं. जे पाहिलं तेच. तुम्ही नक्की विचाराल, डोंगर बघायचा राहिला याचं त्यांना शेवटी दुःख होतं का? नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी त्यांना विचारलं नाही. तेवढा रकाना कोरा आहे.