पाणी ठीक आहे

खोटं मी पहिल्याच दिवशी बोललो, आणि तेही कुणी खोदून विचारलेलं नसताना.

सौंसरच्या एका खासगी शाळेत मी तेव्हा अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होतो. शाळेच्या कमिटीवर संत्र्याचे एक मोठे व्यापारी होते. रामाकोन्याच्या रस्त्याला, बगीच्यातच त्यांचं नवं घर. नागपूरला राहणाऱ्या मुलाच्या हौसेखातर घरामागे स्विमिंग पूल बांधला होता. ठेकेदाराचा माणूस दोन महिने देखभालीला आला, मग यायचा बंद झाला आणि पाणी शेवाळून हिरवं पडलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "सर, तुम्ही केमिस्ट्रीवाले. जरा पाहून या ना." कमिटीवरच्या माणसाच्या घरी 'पाहून या' म्हणजे काय, ते मला कळत होतं. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.

मालकीणबाई ओसरीवर संत्री सोलत बसल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणालो. त्यांनी आधी आडनाव विचारलं. आमचं आडनाव दोन-तीन समाजांत चालतं. त्या म्हणाल्या, "मंग पांढुर्ण्याचे ते बगीचेवाले तुमचेच का?" पांढुर्ण्यात त्या आडनावाचं एक मोठं कुणबी घराणं आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"हो, तिकडचेच," मी म्हणालो.

आम्ही लोधीखेड्याचे. बौद्ध. वडील शिपाई म्हणून रिटायर झाले. पांढुर्ण्यात मी तोवर एकदा परीक्षेला गेलो होतो, तेवढाच. काकूंनी मला आत सोफ्यावर बसवलं आणि काचेच्या कपात चहा दिला.

पाणी साफ करायला मला नऊ दिवस लागले. बोअरचं पाणी भारी, टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर बसलेला. आधी ॲसिड टाकून पाण्याचा सामू खाली आणला, मग क्लोरीन, मग तुरटी. सगळा गाळ तळाशी बसला तेव्हा तो झाडूसारख्या पाइपने ओढून काढला. नवव्या दिवशी तळाचं नाणंही दिसेल असं निळं पाणी झालं. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. शाळेच्या प्रयोगशाळेत अर्ध्या बाटल्या रिकाम्या असायच्या. इथे मी जे टाकीन त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसत होता.

मग दर बुधवारी आणि रविवारी जायचं ठरलं. तपासणीची एक छोटी पेटी असते. तिच्यात दोन नळ्या. एकीत पुलाचं पाणी घेऊन लाल औषधाचे थेंब टाकायचे, रंगावरून आम्ल की खार ते कळतं. दुसरीत टाकायच्या थेंबांनी क्लोरीन कळतं. फिकट पिवळा रंग आला की पाणी ठीक. गडद पिवळा म्हणजे जास्त. नारिंगी, तांबूस झालं की त्या पाण्याला माणसाचं अंग लावायचं नाही.

त्या घरी अंगण झाडायला आणि भांडी घासायला एक बाई यायची. पन्नाशीची, काटक, रामाकोन्याची. घरात स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यापर्यंत तिला येता यायचं, पुढे नाही. तिचा चहाचा कप बाहेर, भांडी घासायच्या दगडामागच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. काकू वरून चहा ओतायच्या, कपाला किटली लागू न देता. हे मी दर खेपेला पाहायचो आणि माझा काचेचा कप संपवायचो.

एकदा मी पंपाच्या खोलीत फिल्टर धूत होतो. ती बाहेर पाला गोळा करत होती. इकडेतिकडे पाहून तिने विचारलं, "बाबू, गाव कोणतं तुहं?"

कोण जाणे का, तिला मी खरं सांगितलं. "लोधीखेडा."

तिने वडिलांचं नाव विचारलं, मोहल्ला विचारला. तिच्या नणंदेचं घर आमच्या मागच्या गल्लीत निघालं. मग ती हलक्या आवाजात "जयभीम" म्हणाली आणि हसली. "मंग तू आपलाच हायेस. मी काई बोलत नाही, घाबरू नको. तू शिकला, मोठा झाला, चांगलं झालं."

मी जयभीमला जयभीम म्हणालो नाही. दार उघडं होतं.

मे महिन्यात नातवंडं आली. मुलाची दोन आणि मुलीची एक, चार वर्षांची, अजून बोबडं बोलणारी. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मोठी दोघं पोहून आत गेली होती. चिमुकली कठड्यावर बसून प्लास्टिकच्या मगाने पाणी उपसत होती. तिची आई सावलीत फोनवर बोलत होती. मी पंपाच्या खोलीत होतो. मला काहीतरी जोरात आपटल्यासारखा आवाज आला आणि मी बाहेर धावलो.

बाई खोल बाजूला पाण्यात होती. पोर कधी घसरली ते दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं, फक्त बाईने पाहिलं होतं. झाडू टाकून, नेसत्या लुगड्यानिशी तिने उडी मारली होती. कन्हान नदीच्या काठची बाई, तिला पोहता येत होतं. एका हाताने पोरीला डोक्याच्या वर धरून ती काठाशी आली आणि मी पोरीला वर घेतलं. पोरीने पाणी ओकलं, खोकली आणि मोठ्याने रडायला लागली. त्या रडण्याइतका चांगला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

सगळं घर धावत आलं. पोरीला टॉवेलात गुंडाळून आत नेलं. बाई तिची तीच शिडीने वर आली आणि काठावर उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होतं. तिला कुणी टॉवेल दिला नाही. मीही दिला नाही. खुर्चीवर दोन कोरडे टॉवेल पडलेले होते.

दहा-पंधरा मिनिटांनी काकू बाहेर आल्या. मला वाटलं, तिचे हात धरतील. त्या चार हातांवर थांबल्या.

"तू आत काहून उतरलीस वं? आवाज नाही देता येत होता? सर तं इथंच होते."

बाई म्हणाली, "काकू, पोरगी खाली जाऊन राह्यली होती."

"हो, समजलं. पण पाण्यात आता सारे पोरं खेळतात, तोंडात पाणी जाते त्यायच्या." मग माझ्याकडे वळल्या. "सर, हे पाणी काढून टाका."

मालक मागून आले होते. ते म्हणाले, मे महिन्यात बोअरला पाणी कुठे आहे, बगीच्याला पुरत नाही. पाणी काढायचं नाही.

"मंग औषध टाका," काकू म्हणाल्या. "जास्त टाका."

मी पेटी आणली. नळी भरली, थेंब टाकले, फिकट पिवळा रंग आला. तो त्यांच्यासमोर धरला. "काकू, पाणी ठीक आहे. काही टाकायची गरज नाही."

त्यांनी नळीकडे नीट पाहिलंसुद्धा. "नळीत औषध दिसते, सर. बाकीचं थोडंच दिसते?"

हे सगळं बाईसमोर चाललं होतं. ती लुगड्याचा पदर पिळत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हणू शकलो असतो की काकू, गेले सात महिने माझे हात आठवड्यातून दोनदा या पाण्यात कोपरापर्यंत बुडतात. मी बादलीत पावडर कालवायला गेलो.

एक बादली टाकली. काकू म्हणाल्या, आणखी. दुसरी टाकली. त्या समाधानाने आत गेल्या, पण मी थांबलो नाही. तोपर्यंत माझ्या अंगात संताप चढला होता. घ्या, म्हणालो मनात, पाहिजे ना, घ्या. एरवीच्या सहापट पावडर मी त्या दुपारी पुलात ओतली. बाई कधी निघून गेली ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पोरं ऐकत नाहीत, पाणी पाहून जा. मी गेलो. वास फाटकापाशीच येत होता. पुलापाशी खाली बसून नळी भरली, थेंब टाकले. नळीतलं पाणी पिवळं झालंच नाही, एकदम तांबूस झालं, विटेच्या रंगाचं. मी ती नळी मुठीत झाकली आणि गवतात रिकामी केली.

"काय म्हणते, सर?" काकूंनी मागच्या दारातून विचारलं.

"पाणी ठीक आहे," मी म्हणालो.

ते शब्द तोंडातून निसटले असं मी म्हणणार नाही. मला त्या घराला झोंबवायचं होतं. कुणाला, हा विचार मी केला नाही, किंवा केला आणि बाजूला ठेवला. मोठी दोघं धावत येऊन धपकन पाण्यात पडली. चिमुकलीला तिच्या बापाने कडेवर घेऊन उतरवलं, भीती मनात बसू नये म्हणून. ती त्याच्या गळ्याला घट्ट धरून होती. हळूहळू तिने हात सोडला आणि पाण्यावर थापट्या मारायला लागली. पाणी उडून तिच्या डोळ्यांत जात होतं. मी पेटी बंद केली आणि मोटारसायकल काढली.

संध्याकाळी मालकांच्या ड्रायव्हरने मला घरून नेलं. तिन्ही पोरांचे डोळे लाल टमाट्यासारखे झाले होते. मोठी दोघं खोकत होती. चिमुकलीच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, गळ्यावर आणि काखेत पुरळ उठलं होतं. आईच्या मांडीवर ती "आई, लाइट लाव, लाइट लाव" म्हणत होती. खोलीत लाइट लागलेला होता.

सौंसरचे डॉक्टर येऊन गेले होते, थेंब आणि मलम देऊन. ते म्हणाले, डोळे वाचलेत, चार दिवसांत उतरेल. तसंच झालं. पण ते चार दिवस जायचे होते.

काकूंनी कारण शोधून ठेवलं होतं. "सर, इतकं औषध टाकूनही गेलं नाही पाहा. तिच्या अंगावर काय काय होतं, कोणाले माहीत."

मी तोंड उघडलं तोवर बाई फाटकातून आत येताना दिसली. तिला निरोप पाठवून बोलावलं होतं. पोरीला बरं नाही एवढंच तिला कळलं होतं आणि ती एका फडक्यात कडुनिंबाचा पाला घेऊन आली होती. काकूंनी तिला पायऱ्यांखालीच थांबवलं.

"पाह्य, काय केलं तुनं. तीन लेकरं आंधळे व्हायचे होते."

"मी? काकू, मी तं पोरीले काढलं..."

"तुह्या अंगाचंच आहे हे. खोटं वाटते तं सरले विचार. सर, सांगा हिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मालकांनीही. तेच पुढच्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत माझी फाइल पाहणार होते. बाईनेही पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं. आता सर सांगतील, असं.

मी म्हणालो, "असू शकते."

पाल्याचं फडकं बाईने पायरीवर ठेवलं. काकू म्हणाल्या, "उचल ते." तिने उचललं. उद्यापासून येऊ नको, म्हणाल्या. दगडामागच्या कोनाड्यातला तिचा कपही घेऊन जा, म्हणाल्या. तिने तोही घेतला आणि गेली.

त्या रविवारी मी बाजारातून हायपो आणून पाण्यातलं क्लोरीन मारलं. रंग पुन्हा फिकट पिवळा आला. जूनमध्ये माझी नोकरी पक्की झाली.

पावसाळा सरल्यावर एकदा मी रामाकोन्याला तिच्या घरी गेलो. ती दारात बसून वेचून आणलेला कापूस निवडत होती. दिवसभर कोणाच्या तरी वावरात आणि संध्याकाळी हे, असं आता तिचं चाललं होतं. त्या गावात एका घरातून अशा रीतीने निघालेल्या बाईला दुसऱ्या घराने घेतलं नव्हतं. काकूंची गोष्ट सगळीकडे पोचली होती.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. किती पावडर टाकली, सकाळी नळीत कोणता रंग आला, मी काय म्हणालो. ती कापसातली काडी-कचरा काढत राहिली. मी थांबलो तेव्हा तिने विचारलं, "पोरगी दिसते ना आता नीट?"

"हो."

"तुले माहीत होतं पाणी खराब आहे, अन् तू तिले उतरू देलं?"

"राग आला होता, मावशी. तुमच्यासाठी..."

"माह्यं नाव नको घेऊ." तिचा आवाज चढला नाही. "मी तिले काढलं अन् तू तिले टाकलं. काकूचं मले कळते, बाबू. जन्मभर पाहून राह्यलो आपण. तुहं नाही कळत." कापसातली एक काडी काढून ती म्हणाली, "हे माह्याजवळ कायले सांगतं? तिथं जाऊन सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

परत निघालो तर रस्त्यात मालकांचं घर लागतं. फाटक उघडं होतं. काकू ओसरीवर होत्या, त्यांनी हात केला, "या ना सर, चहा घेऊन जा." मी गेलो. अर्धा तास बसलो. चिमुकलीचा व्हिडिओ त्यांनी मला फोनवर दाखवला, बालवाडीत कविता म्हणताना. मी छान आहे म्हणालो.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या पुलाचं पाणी तपासत होतो. बाईच्या जागी नवी बाई आली, तिला काकूंनी पहिल्या दिवशीच पुलाच्या कठड्यापासून लांब राहायला सांगितलं. मग कमिटीच्याच पांढुर्ण्यातल्या दुसऱ्या शाळेत माझी बदली झाली आणि ते काम सुटलं. काकूंना मी अजूनही दिवाळीला फोन करतो. त्या दरवेळी म्हणतात की सर, तुमच्यासारखं पाणी पुन्हा कोणाच्या हातानं जमलं नाही, आणि मी दरवेळी हसून आभार मानतो.