साळवेकाकांच्या अर्जावरचा पिवळा टॅग

नाही बोर्डेदादा, मला अजिबात पटलेलं नाही. शाल घाला, हार घाला, फोटो काढा. पण साठ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला खुर्चीत बसवून ‘आता आराम करा’ म्हणायचं, हा गौरव झाला? तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. मीटिंगमध्ये हसत म्हणालात, “अगं रिबेका, गोड गोड दोन पानं लिही. साळवे खूश, आपण खूश.” लिहिली मी दोन पानं. मंडळीच्या अंकात छापा, पण आज ती मीच वाचणार. मधे कुणी बोलायचं नाही.

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या साळवेकाकांना डीकन व्हायचंय. आमच्या अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांमध्ये पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर मोडतात. डीकन त्यांना मदत करतो आणि मग दाराबाहेर पडतो, अंथरुणाला खिळलेल्यांकडे, एकट्या पडलेल्यांकडे. काकांना पगार नको, पुढे पाळकही व्हायचं नाही. फक्त बिशपसाहेबांकडे अर्ज जायला मंडळीचं शिफारसपत्र लागतं, आणि ते अजून मिळालेलं नाही.

काकांची पहिली ओळख चर्चमधली नाही, कंपनीतली. कॉलेज संपवून मी निघोजेजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले, तिथे ते आमचे सीनियर होते. पहिल्याच दिवशी मी एक पार्ट मोजला आणि त्याला हिरवा टॅग बांधला. त्यांनी तो उचलला.

“कितीदा मोजलास?”

“एकदा, सर.”

“घाई होती?”

“बस लागली होती, सर.”

ते रागावले नाहीत. हिरवा टॅग सोडून पिवळा बांधला. आमच्याकडे हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, आणि पिवळा म्हणजे थांबा, अजून खात्री नाही. “पिवळ्याची लाज वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “खात्री नसताना हिरवा बांधलास, त्याची वाटू दे. आणि एक लक्षात ठेव. आपलं काम आपण पास करायचं नाही. ते दुसऱ्यानं बघायचं.”

आम्ही तेव्हा नुकतेच तळेगावहून इकडे राहायला आलो होतो. रविवारी आईबरोबर चर्चमध्ये आले, तर दारात सर उभे. “सलाम! इथे सर नाही हं, काका.”

या सवयीपायी काकांनी एकदा जो घोटाळा केला, तो तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. प्रभुभोजनाच्या प्याल्याचा दांडा ढिला झाला होता. शनिवारी साफसफाई करताना काकांच्या ते लक्षात आलं. कुणी तो वापरू नये म्हणून त्यांनी त्याला पिवळा टॅग बांधला, कापडाने झाकून ठेवला, आणि सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर प्याला उंच धरला, तर खाली टॅग लोंबकळतोय, ‘तपासणी बाकी’! लहान मुलं हसायला लागली. पाळकसाहेब हळूच म्हणाले, “साळवे, हे काय?” काका लालेलाल होऊन पुढे गेले, पण हसण्यावारी नेलं नाही. दुसरा प्याला आणून दिला आणि उपासना संपल्यावर सगळ्यांची माफी मागितली. बोर्डेदादा, त्यावरून तुम्ही अजून त्यांना चिडवता, “काय साळवे, आज आम्ही पास का होल्ड?”

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. सात वर्षांपूर्वी माझी आई पिंपरीच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून होती. तुम्ही सगळे आलात, प्रार्थना केल्या, फळं आणलीत. ते आम्ही विसरलेलो नाही. काका एका दुपारी नाइट शिफ्ट आणि वर फर्स्ट शिफ्टचा ओव्हरटाइम करून आले. डोळे लाल, अंगावर कंपनीचा शर्ट. थोडा वेळ आईच्या पायांकडे बघत बसले. मग मला म्हणाले, “नेलकटर आहे का गं?”

आईच्या पायाची नखं वाढून चादरीत अडकत होती. शेजारी बसून मला दिसलं नव्हतं. काकांनी हात धुतले. “वहिनी, चालेल का?”

आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “भाऊ, मलाही टॅग बांधणार का?”

“बांधतो की. हिरवा.”

दहाही नखं कापली, कडा घासल्या, प्रत्येकीवरून अंगठा फिरवून बघितलं. प्रार्थना मोठ्याने केली नाही. केली असेल तर मला ऐकू आली नाही. आई आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारा.

तीन महिन्यांपूर्वी काकांनी मला घरी बोलावलं आणि बायबलमधून एक कागद काढून दिला. बिशपसाहेबांना लिहिलेला अर्ज. कोपऱ्यात भोक पाडून पिवळा टॅग बांधलेला. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

“काका, दोन वर्षं?”

“खात्री होत नाही गं. हे पाचारण आहे, देव बोलावतोय, की रिटायर झाल्यावर मला रिकामं बसवणार नाही म्हणून मीच हाक ऐकतोय? हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. तू बघ. माझ्या हाताखाली शिकलीस, तू मला सहज सोडणार नाहीस.”

मी त्यांना तुमचाच प्रश्न विचारला, दादा. ही सगळी सेवा तुम्ही आताही करताच, मग डीकन कशाला? काका म्हणाले, “आता मी कुणाकडे जातो तेव्हा साळवे जातो. मंडळीनं डोक्यावर हात ठेवून पाठवलं, तर मंडळी जाईल.”

शिफारसपत्राचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, डीकन ही पाळक होण्याची पायरी आहे, मुक्काम नाही. असेल. पण काही माणसांना दारातच उभं राहायचं असतं, कारण बाहेरचा माणूस तिथूनच दिसतो.

काका, तीन महिने तपासलं. सोडलं नाही, शब्द देते. तुमची भीती रिकामं बसण्याची आहे ना? आईची नखं कापलीत, तेव्हा तुम्ही रिकामे नव्हता. सोळा तास उभं राहून आला होता, घरी जाऊन झोपायचं सोडून. जे तेव्हा होतं, ते रिटायरमेंटनं आणलेलं नाही. माझं माप हे एवढंच आहे.

तुमचे हात असेच स्थिर राहोत. चाळींचे अंधारे जिने चढताना गुडघे कुरकुरू नयेत. देव तुम्हाला भरपूर वर्षं देवो, आणि त्यातलं एकही आरामात न जावो.

हा बघा, टॅग मी सोडला. आता हा काकांचा नाही, माझ्या खिशात राहील. अर्ज इथे मेजावर ठेवते. शिफारसपत्राचा कागद त्याच्याखाली आहे, बोर्डेदादा, आणि वर पेन. शाल नंतर घाला, आधी सही.

सेकंड शिफ्टची बस चौकात लागली आहे. आई, तू काकांबरोबर ये. सलाम. मी निघाले.