लायसनवरचं नाव

“त्यांच्यात चालतंय हे. कोण नावं ठेवणार हाय सिस्टरला?”

आवाज कमिटीतल्या तात्यांचा. क्लबहाउसच्या मीटिंगच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर प्रिंटरपाशी उभी होते. आत कुणीतरी हसलं. मग कमिटीतलेच आबा म्हणाले, “हळू बोला, पोरगी बाहेर आहे.”

“असू द्या की. इंग्रजी शाळंतली हाय. तोंडात बोट घातलं तरी चावायची न्हाय.”

सिस्टर म्हणजे माझी आई. पोरगी म्हणजे मी.

बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्याच्या कडेला निवृत्त लोकांची ही वसाहत आहे. बसकी, सारखी घरं, मध्ये बाग, पलीकडे ऊस. आई वालचंदनगरला नर्स होती. निवृत्त झाल्यावर आम्ही इथं घर घेतलं. तिला वाटलं, सगळे नोकरी-धंदा करून थकलेले लोक, इथं कोण काय विचारणार? पहिल्याच आठवड्यात विचारलं. “मूळ गाव कुठलं?” बावडा. “बावड्यात नेमकं कुठं?” आईनं सांगितलं. तेवढ्यावर सगळं कळलं त्यांना.

वसाहतीतल्या बाकीच्या बायका वहिनी, काकी, मावशी. आई एकटी सिस्टर. कुणाचं बीपी बघायचं, सिस्टर. इंजेक्शन द्यायचं, सिस्टर. बायकांच्या भिशीला मात्र सिस्टर नाही.

मी बारामतीत एका कंपनीत काम करते. रविवारी आईकडे येते. असोसिएशनचे इंग्रजी अर्ज, पत्रं मीच लिहून द्यायचे. फुकट. “तुझं इंग्रजी फार छान आहे,” असं आबा म्हणाले होते, आणि मला बरं वाटलं होतं. शाळेतही मला हीच सवय. गप्प बसायचं, अक्षर छान काढायचं, आडनावावरून प्रश्न आला की पुस्तकात बघायचं. बाई म्हणायच्या, किती शांत मुलगी.

आता क्लबहाउसला दारूचं लायसन हवं होतं. लोकांची मुलं पुण्याहून येतात, वाढदिवस होतात, दर वेळी एका दिवसाचा परवाना कुठं काढत बसायचा? कायमचाच घेऊ, असं ठरलं. ठरवताना सगळ्यांनी हात वर केले. पण अर्जावर कमिटीतल्या एकाचं नाव लागतं. पोलीस पडताळणी होते. आणि तिथं गाडी अडली. एक जण माळकरी. एकाच्या नातीचं लग्न जमत होतं. तात्यांचा मुलगा पणदऱ्याकडं राजकारणात, त्याला कुणी उद्या दारूवाल्याचा पोरगा म्हटलं तर? आबांना रक्तदाब. रक्तदाबाचा लायसनशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या रस्त्यावर हे नवीन नाही. कितीतरी परमिट रूमचं लायसन एकाच्या नावावर असतं आणि गल्ल्यावर दुसराच बसतो. पिणारे वेगळे, कमावणारे वेगळे, नाव लावणारा वेगळा. नाव कुणाचं लावायचं, हे ठरलेलं असतं.

महिन्यापूर्वी आईनं कमिटीच्या येत्या निवडणुकीला अर्ज भरला होता. शेजारच्या काकींना पहाटे दम लागला तेव्हा वसाहतीत ऑक्सिजन नव्हता. बारामतीहून गाडी येईपर्यंत आई त्यांना धरून बसली होती. काकी वाचल्या. तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं: प्रथमोपचाराची खोली हवी, आणि त्यासाठी कमिटीत जायला हवं. मी पहिल्यांदाच तिला स्वतःसाठी काही मागताना बघत होते.

अर्ज बाद झाला. कारण घरावर पहिलं नाव माझं आहे, आईचं दुसरं. कर्ज माझ्या पगारावर मिळालं म्हणून तसं झालं. पहिलं नाव असेल त्यालाच उभं राहता येतं, असं आबांनी सांगितलं. मग मी? उभं राहायला वय साठ लागतं, मी साठीची नाही. म्हणजे आमच्या घरातून कुणीच पात्र नाही. आई म्हणाली, “नियम आहे तर आहे.” आबा ज्या घरात राहतात ते पूर्ण त्यांच्या मुलाच्या नावावर आहे. सगळ्या वसाहतीला माहीत आहे. ते अध्यक्ष आहेत.

मी तरीही त्यांची पत्रं लिहीत राहिले.

प्रिंटरमधून लायसनचा अर्ज बाहेर आला. मीच लिहिलेला. नावाची जागा मोकळी होती.

आबांनी मला आत बोलावलं आणि आईलाही निरोप पाठवला. आई आली ती इस्त्रीची साडी नेसून. तात्यांनी उठून खुर्ची दिली. “बसा ताई.” ताई! दोन वर्षांत पहिल्यांदा.

“आम्ही विचार केला,” आबा म्हणाले, “तुमच्यासारखी अनुभवी बाई कमिटीत हवी.”

आईचा चेहरा उजळला. तो मला बघवला नाही.

“पण माझा अर्ज तर...”

“ते नियम काय, आपणच केलेत. तुम्हाला स्वीकृत सदस्य करून घेतो. मत देता येत नाही, पण नाव लागतं. फक्त ही एक सही करा.”

“कशावर?”

“क्लबचं लायसन हाय हो,” तात्या म्हणाले. “कागदापुरतं. तुमाला कुठं बाटली उचलायची हाय?”

 आई हळूच म्हणाली, “आणि ती औषधांची खोली?”

“बघू की. आधी हे तरी होऊ द्या.”

माझे दोन्ही मामा दारूनं गेले. आईनं आयुष्यभर घरात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन आणलं. तीच बाई आता पेनाचं टोपण काढत होती. भोळी म्हणून नव्हे. तिला त्या टेबलाशी बसायचं होतं, आणि दुसरं दार तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

“वाच गं,” ती मला म्हणाली. “काय लिहिलंय इंग्रजीत?”

मी वाचलं. एकेक ओळ मराठीत करून. परवान्याच्या जागेत काही गैरप्रकार झाला, कुणाला बेकायदा दारू दिली, भांडण झालं, तर त्याची सगळी जबाबदारी अर्जदाराची राहील. हे मीच लिहिलं होतं, सुंदर, बिनचूक, आणि लिहिताना एकदाही वाटलं नव्हतं की ही मोकळी जागा माझ्या आईसाठी आहे.

“कागदावर असं लिहावंच लागतं,” आबा म्हणाले.

“इथं कोन मारामाऱ्या करतंय!” तात्या हसले. “समदी साठीच्या म्होरली.”

आईनं पेन कागदावर टेकवलं. मग थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, “करू का सही?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी शांत मुलगी. मी मान हलवली असती तर तिनं सही केली असती. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांच्या टेबलावर.

“नको, आई. पेन ठेव खाली. आबा, दारू तुम्हाला हवी आहे, तर नाव तुमचं लावा. आणि ते नाव लागेपर्यंत या कमिटीचा एकही कागद मी लिहिणार नाही. आई स्वीकृत वगैरे काही होणार नाही. ती निवडणुकीला उभी राहणार आहे, मत देणारी सदस्य म्हणून. उद्या सकाळी तिचा अर्ज पुन्हा येईल. बाद करायचा असेल तर करा. पण ज्यांचं घर मुलाच्या नावावर आहे ते पात्र कसे आणि माझी आई अपात्र कशी, ते खाली सहीनिशी लिहून द्या.”